हात सुजतोय म्हणून हात बांधून ठेवू नका : लिम्फेडेमा घेऊन रोजचं जगणं

ब्रेस्टचं ऑपरेशन होऊन बाई घरी आली की पहिल्या आठवड्यात तिला जे सल्ले मिळतात ते लिहायला बसलं तर वही भरेल. घागर उचलू नको, भाकरी थापू नको, त्या हातात बांगड्या नकोत, त्या कुशीवर झोपू नको, बीपी त्या हातावर बघू देऊ नको, विमानात बसू नको (सांबऱ्याला रोज कोण विमान पकडायला चाललंय, पण सल्ला असतोच). यातले काही सल्ले बरोबर आहेत, काही जुने झालेत आणि एकदोन असे आहेत की ते पाळले तर हात बरा राहायचा सोडून उलट बिघडतोय. आणि ज्या तीन-चार गोष्टींवर खरंच सगळं अवलंबून आहे त्या मात्र डिस्चार्जच्या कागदावर एका ओळीत उरकलेल्या असतात, "हाताची काळजी घ्या." काळजी म्हंजे नेमकं काय ते कुणी सांगायचं?

मी बेळगावच्या बाजूची, शाळेत शिकवते, घरी थोडी शेती, आणि डावा हात लिम्फेडेमाचा, म्हंजे आतलं पाणी नीट निघत नाही म्हणून सुजणारा. डॉक्टर नाही. पण स्वतःसाठी म्हणून जे विचारून-वाचून शिकले ते आसपासच्या बायकांना इतक्या वेळा सांगितलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

आधी हात कशामुळं सुजतो ते बघू, कारण ते एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप कळतंय. आपल्या अंगात रक्ताच्या नळ्यांतून रोज थोडं थोडं पाणी, त्याबरोबर प्रोटीन, बाहेर पेशींच्या मधे झिरपत असतं. बरंचसं परत रक्तात जातं, पण दिवसाचं काही लिटर उरतं, आणि ते (त्यालाच लिम्फ म्हणतात) उचलून न्यायला लिम्फच्या बारीक नळ्यांचं वेगळं जाळं असतं. त्यात झिरपलेलं पाणी, मेलेल्या पेशी, जंतू सगळं जातं, वाटेत गाठींमधे गाळलं जातं आणि शेवटी गळ्याच्या खाली मोठ्या शिरेत परत रक्ताला मिळतं. हाताचं बहुतेक सगळं पाणी काखेतल्या गाठींतून जातं. तिथं साधारण 20 ते 30 गाठी असतात, कुणाला जास्त. ब्रेस्ट कॅन्सरमधे त्या काढाव्या लागल्या, किंवा तिथं रेडिएशन दिलं, की वाट अरुंद होते.

खानापूर भागात भात करणाऱ्याला हे लगेच कळेल. वरच्या शेतातलं पाणी खालच्या चरीतून निघून जातं तोवर सगळं ठीक. चर निम्मी बुजली तरी साध्या पावसाला पाणी तुंबत नाही, जोराचा पाऊस झाला की तुंबतं. हाताचं तसंच आहे, गाठी काढल्या म्हणून हात लगेच सुजत नाही, उरलेल्या नळ्या काम रेटून नेतात. पण एखाद्या दिवशी जखम झाली, इन्फेक्शन झालं, उन्हात खूप वेळ काम झालं, वजन वाढलं, की येणारं पाणी वाढतं आणि निघायची वाट तेवढीच राहते. म्हणून हा सगळा खेळ दोनच गोष्टींचा आहे, येणारं पाणी उगाच वाढू द्यायचं नाही आणि निघणारं जितकं जास्त निघेल तितकं काढायचं.

आणि इथं एक मोठी गोष्ट. रक्ताला ढकलायला हृदय आहे, लिम्फला तसा पंप नाही. नळ्या स्वतः आकसून ते पुढं ढकलतात, पण त्यांना मोठी मदत मिळते ती स्नायू हलल्यामुळं आणि खोल श्वास घेतल्यामुळं. म्हंजे हात न हलवता मांडीवर ठेवून बसलेली बाई तो जपत नाहीये, तुंबवतेय. सासूबाई कितीही प्रेमानं "तू काही करू नको गं" म्हणाल्या तरी.

सगळ्यांनाच होतं काय? नाही. 2013 मधे बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून जे गणित मांडलं होतं त्यात काखेतल्या गाठी मोठ्या प्रमाणात काढलेल्या बायकांत साधारण पाचात एकीला झालेलं दिसलं, आणि फक्त पहिल्या एकदोन गाठी तपासायला काढल्या (सेंटिनल नोड म्हणतात ते) त्यांच्यात शंभरात पाच-सहा जणींना. बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसतं, पण कुणाला खूप वर्षांनीही सुरू होतं, म्हणून "आता पाच वर्षं झाली, सुटलो" असं धरून चालू नये. आणि होतं ते पुरुषांनाही, ज्यांच्या काखेतल्या गाठी काढाव्या लागल्या त्यांना, त्यांना तर कुणी काहीच सांगत नाही.

सुरवात ओळखायची ती सुजेवरून नाही, त्याच्या आधी हात जड वाटतो, दुखत नाही पण भरल्यासारखा. ब्लाऊजची बाही त्या बाजूला आवळायला लागते, संध्याकाळी बांगड्यांचे वळ उठतात, अंगठी निघत नाही, मुठीच्या मागची हाडं दुसऱ्या हाताएवढी उठून दिसत नाहीत. बोटानं दाबलं की खड्डा पडतो आणि हात उशीवर ठेवून रात्रभर झोपलं की सकाळी उतरतं. हा टप्पा सोन्यासारखा आहे, इथंच धरलं तर हात जवळजवळ पहिल्यासारखा ठेवता येतो. नंतर नंतर काय होतं, साठलेल्या प्रोटीनमुळं आतली चामडी आणि चरबी घट्ट व्हायला लागते, मग खड्डाही पडत नाही आणि उशीवर ठेवून उतरतही नाही. तिथून मागं येणं अवघड आहे, म्हणून बायका जे करतात ना, "बघू अजून दोन महिने, आता रोप लावणी आहे, मग दिवाळी आहे", ते या बाबतीत महागात पडतंय.

त्यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हंजे शिंप्याचा टेप. मनगट, कोपराच्या खाली 10 सेंटीमीटर, कोपराच्या वर 10 सेंटीमीटर, अशा तीन ठिकाणी दोन्ही हात मोजायचे आणि कॅलेंडरवर लिहून ठेवायचे. महिन्यातून एकदा, एकाच वेळी, सकाळी तर सकाळी. शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधीच एकदा मोजून ठेवा, कारण उजव्या हातानं काम करणाऱ्या बाईचा उजवा हात तसाही जरा जाड असतो, मग नंतर फरक सुजेचा की मुळातला हे कळत नाही. एखाद्या ठिकाणी दोन्ही हातांत 2 सेंटीमीटरच्या आसपास फरक पडला, किंवा पहिल्यापेक्षा वाढतच चालला, की दाखवायचं.

आणि दाखवायचं म्हंजे दाखवायचंच. हात सुजण्याचं कारण दरवेळी हेच असतं असं नाही, रक्ताची गुठळी शिरेत अडकली तरी हात सुजतो, काखेत कॅन्सर परत आला तरी सुजतो. एकदम एका दिवसात सुजला, दुखायला लागला, निळसर पडला, किंवा बरोबर धाप लागली तर घरी टेप घेऊन बसायचं नाही, सरळ दवाखाना.

आता रोजचं. पहिलं कातडी. सुजलेल्या हातात प्रोटीनवालं पाणी साठलेलं असतं आणि जंतूंना गाळणाऱ्या गाठी काढलेल्या, म्हंजे आत शिरलेल्या जंतूला खायला आहे आणि अडवायला कुणी नाही. एवढ्याशा चिरेतून इन्फेक्शन होतं, आणि प्रत्येक इन्फेक्शन उरलेल्या नळ्या अजून खराब करून जातं, मग हात अजून सुजतो, मग परत इन्फेक्शन. या फेऱ्यात पडायचंच नाही हे धोरण. त्यासाठी काही भारी क्रीम लागत नाही. सौम्य साबण, धुतल्यावर बोटांच्या मधे आणि काखेत नीट कोरडं पुसणं, आणि रात्री झोपताना खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर, चोळायचं नाही, नुसतं पसरायचं. सकाळी नको, कारण वर स्लीव्ह (दाबाची बाही, तिच्याबद्दल पुढं सांगते) घालायची असते आणि तेलानं स्लीव्हचं इलॅस्टिक जातं.

आपल्या कामांत चिरा पडायच्या जागा तर पदोपदी आहेत. उसाचा पाला तर ब्लेडसारखा, चिकोडी-रायबाग-अथणीकडच्या बायकांना सांगायला नको. भाकरी भाजताना तव्याची कड लागते, विळीवर बोट कापतं, भांडी घासायची तार, कपड्याचा सोडा, मांजराचं ओरखडणं, अंगणातली काटेरी झुडपं. शेतात पूर्ण बाहीचा जुना शर्ट आणि हातमोजे, भांड्यांना रबरी हातमोजे, भाकरी उलटायला हात न लावता उलथणं. हे सगळं रोज जमणार नाही हे मला माहीत आहे, शेतात चार बायकांच्यात हातमोजे घालून उतरलं की कोण काय म्हणतंय तेही माहीत आहे. जेवढं जमेल तेवढं, पण एक गोष्ट चुकवू नका, चीर पडली की तिथंच साबण-पाण्यानं धुवायचं, अँटिसेप्टिक मलम लावायचं, पट्टी मारायची आणि दोन दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायचं. संध्याकाळी घरी गेल्यावर बघू असं नाही. मलमाची छोटी ट्यूब कमरेच्या बटव्यात मावते.

डास चावले तरी खाजवून जखम होते, म्हणून मच्छरदाणी. नखाच्या बाजूची साल ओढायची नाही. काखेतले केस काढायचेच असले तर ब्लेड आणि वॅक्सपेक्षा इलेक्ट्रिक ट्रिमर बरा. मेंदी लावायला हरकत नाही, पण ती काळी केमिकलवाली कोनमधली नको, तिनं अंगावर फोड येऊ शकतात. बांगड्या घाला की, सैल घाला, वळ उठेल इतक्या घट्ट नकोत. लग्नात चुडा भरताना त्या हातात एक माप मोठं भरायला सांगायचं, कासाराला कारण सांगायची गरज नाही. ब्लाऊज शिवताना त्या बाहीत अर्धा इंच जास्त ठेवायला सांगायचं आणि ब्राचा पट्टा खांद्यात रुतत असला तर रुंद पट्ट्याची घ्यायची.

सगळ्यात महत्त्वाचं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे. हात लाल झाला, गरम लागतोय, दुखतोय, लाली पसरत चाललीय, अंगात थंडी वाजून ताप आला, मळमळतंय, यातलं काही सुरू झालं की हे इन्फेक्शन आहे, सेल्युलायटिस म्हणतात, आणि याला त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला पाहिजे. पाऊस आहे, उद्या सकाळच्या बसनं जाऊ असं नाही. जुन्या बायका त्याला धावरं म्हणून लेप-मंत्र करायला बसतात, करू दे नंतर, आधी गोळी. ताप उतरायची गोळी घेऊन झोपणं पण धोक्याचं, ताप उतरतो आणि लाली पसरत राहते, हे रक्तात पसरलं तर जिवावर बेततं. जाताना पेनानं लालीची कड आखून ठेवा, डॉक्टरला कळतं वाढतेय की थांबलीय. या दिवसांत मसाज नाही, व्यायाम नाही, आणि स्लीव्ह दुखत असेल तर ती पण काढून ठेवायची, हात उशीवर. ज्यांना वर्षात परत परत होतं त्यांनी डॉक्टरला विचारून अँटिबायोटिकचा कोर्स घरातच ठेवावा, विशेषतः कणकुंबी-जांबोटीसारख्या लांबच्या गावांत राहणाऱ्यांनी.

दुसरं स्लीव्ह, म्हंजे दाबाची बाही. यावर जास्त लिहिते कारण यातच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. स्लीव्ह हात बारीक करत नाही, बारीक झालेला हात तसाच धरून ठेवते. हात जास्त सुजलेला असला तर आधी लिम्फेडेमाचं काम शिकलेल्या फिजिओकडून काही आठवडे रोज बँडेज बांधून घ्यावं लागतं, थरांचं, कमी ताणाच्या पट्टीचं, त्यानं हात उतरतो, आणि उतरल्यावर माप घेऊन स्लीव्ह करायची. सुजलेल्या हाताचं माप देऊन ऑनलाईन मागवलेली स्लीव्ह महिन्यात सैल होते. आणि लहान मागवली तर वरच्या कडेला गुंडाळी होऊन दोरी बांधल्यासारखी बसते, खालचं पाणी आणखी अडवते. मेडिकलमधली साधी क्रेप बँडेज हा पर्याय नाही, ती विश्रांतीतही आवळत राहते आणि नेमकी जिथं घट्ट बसते तिथं चर बुजवते.

दाब पाऱ्याच्या मिलीमीटरमधे लिहिलेला असतो, सौम्य 15 ते 20, त्यावरची 20 ते 30. कोणती ते सांगणाऱ्यानं सांगावं, जास्त दाब म्हंजे जास्त चांगलं असं नाही. सकाळी उठल्या उठल्या, हात सगळ्यात बारीक असतो तेव्हा घालायची, अंघोळ केली तर अंग पूर्ण कोरडं झाल्यावर. भांड्यांचे रबरी हातमोजे घातले की ओढायला सोपं जातं, वरून ओढत आणायची नाही, खालून वर सरकवत न्यायची, कोपराला सुरकुती नको आणि वरची कड दुमडायची नाही. रात्री काढायची. घातल्यावर बोटं सुन्न पडली, निळी पडली, मुंग्या आल्या तर लगेच काढा, माप चुकलंय. आणि स्लीव्ह घातल्यावर पंजा सुजायला लागला तर पंज्याचा दाबमोजा पण लागतो, पाणी वरून दाबलं की ते खाली पंज्यात उतरतं.

दोन स्लीव्ह पाहिजेत, एक अंगात एक दोरीवर. रोज हातानं धुवायची, पिळायची नाही, टॉवेलमधे गुंडाळून दाबायची, सावलीत वाळवायची. खानापूरच्या पावसाळ्यात काहीच वाळत नाही, तिथं रात्रभर फॅनखाली पसरून ठेवणं एवढाच मार्ग आहे, चुलीजवळ किंवा इस्त्रीनं वाळवली तर इलॅस्टिक मेलं. ओलसर घातली तर बुरशी येते, कातडीला खाज सुटते, मग परत जखम. अथणीच्या उन्हाळ्यात उलटं, चाळीसच्या वर पारा आणि अंगात ही बाही, नको वाटतंय, खरं आहे. दुपारी ओला पंचा वरून टाकला तर बरं वाटतं. सहा महिन्यांनी ढिली पडते, सहज चढायला लागली की ती निकामी झाली समजायचं. काही हजारांचं काम आहे आणि वर्षातून दोनदा, हे सगळ्यांना परवडत नाही, म्हणून फिजिओला देशी बनावटीच्या स्लीव्हबद्दल लाज न बाळगता विचारा. आणि "हाताला काय झालं गं?" हे हळदी-कुंकवाला प्रत्येक जण विचारणार. मी "शिर आखडलीय" म्हणून सोडून देते, तुम्हाला खरं सांगावं वाटलं तर सांगा, दोन्ही चालतं.

तिसरं हालचाल, आणि इथं जुना सल्ला पूर्ण उलटलाय. पूर्वी त्या हातानं वजन उचलायचंच नाही असं सांगत, अजूनही सांगतात. 2009 मधे अमेरिकेत लिम्फेडेमा असलेल्या 141 बायकांवर अभ्यास झाला, अर्ध्यांना आठवड्यातून दोनदा, सुरवातीला देखरेखीखाली, स्लीव्ह घालून, हळूहळू वाढवत वजनाचा व्यायाम दिला, अर्ध्यांना नाही. भीती होती की व्यायामवाल्यांचे हात जास्त सुजतील. तसं झालं नाही, उलट हात अचानक बिघडण्याचे प्रसंग व्यायामवाल्यांत 14 टक्के आणि बाकीच्यांत 29 टक्के. म्हंजे कमकुवत ठेवलेला हात घरातल्या साध्या कामानं दमतो आणि सुजतो, ताकद असलेला हात तेच काम सहज करतो.

पण "हळूहळू" हा शब्द विसरायचा नाही. आठ महिने घागर न उचललेल्या बाईनं एकदम लावणीला पूर्ण दिवस उतरायचं असा याचा अर्थ नाही. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरवात करा, कोपर वाकवणं, हात बाजूला उचलणं, दहा-दहा वेळा. आठवड्याभरात हात जड वाटला नाही तर थोडं वाढवा, जड वाटला तर मागं या. बाकी बसल्या बसल्या खांदे गोल फिरवणं, मूठ उघडझाप, भिंतीवर बोटं चढवत नेणं. सुरवात पोटातून पाच-सहा खोल श्वासांनी करायची, कारण छातीतला दाब बदलला की मुख्य नळीतलं लिम्फ पुढं ओढलं जातं, प्राणायाम करणाऱ्यांचं हे आपोआप होतंय. निपाणीकडं विड्या वळायला बसणाऱ्या, वडगाव-शहापुरात मागावर असणाऱ्या बायकांनी एकाच ठरलेल्या हालचालीत तासन् तास न राहता मधे मधे उठून हात वर नेऊन मूठ उघडझाप करावी. भाकरी थापायची? थापा. चार जणांच्या पहिल्यासारख्याच, आणि वीस जणांच्या असल्या तर मधे थांबून, किंवा जावेला म्हणायचं "बाकीच्या तू कर".

मसाजबद्दल. आपल्याकडं मालिश म्हटलं की गरम तेल आणि जोर. हा तो मसाज नाही, आणि तो जोराचा मसाज या हाताला घातक आहे. लिम्फसाठीचा मसाज डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या नवरा-बायकोनं 1930 च्या दशकात बसवला, त्यात हात इतका हलका फिरतो की कातडी फक्त सरकते, आतलं मांस दाबलं जात नाही, तेलसुद्धा लावत नाहीत. क्रम उलटा वाटतो पण बरोबर आहे, आधी मान, मग दुसऱ्या बाजूची चांगली काख, मग छातीवरून त्या बाजूला ढकलत, मग दंड, आणि शेवटी पंजा. चर खालून मोकळी केल्याशिवाय वरचं पाणी सोडून काय उपयोग. एकदा येणाऱ्याकडून शिकून घ्या, मग घरी रोज दहा-पंधरा मिनिटं. पण खरं सांगायचं तर मसाज एकटा फार काही करत नाही, स्लीव्ह न घालता नुसता मसाज करत बसणं म्हंजे वेळ घालवणं.

वजन. नको वाटणारा विषय, केमोनंतर बऱ्याच जणींचं वजन वाढतं, स्टेरॉइड असतात, घरात बसणं असतं, आणि येणारा प्रत्येक जण शक्ती यावी म्हणून लाडू घेऊन येतो. पण अंगातली जास्तीची चरबी म्हंजे जास्त पाणी आणि दबलेल्या नळ्या, म्हणून वजन आटोक्यात ठेवलेलं बरं. मीठ बंद, पाणी बंद, डाळ बंद यातलं काही करायचं नाही. सुजेत प्रोटीन आहे म्हणून खाण्यातलं प्रोटीन तोडणाऱ्या बायका बघितल्यात, त्यानं फक्त अशक्तपणा येतो.

लघवीची गोळी पण याला नाही. गोळी पाणी काढते, प्रोटीन तिथंच राहतं, आणि ते प्रोटीन परत पाणी ओढून घेतं. बीपीसाठी किंवा हृदयासाठी दिली असेल तर मात्र आपल्या मनानं बंद करू नका. हत्तीरोगाची गोळी पण यावर चालत नाही, तो डासांतून येणाऱ्या कृमीचा आजार, सूज सारखी दिसते एवढंच. डाग देणं, जळवा लावणं, सुई टोचून "वाईट पाणी" काढणं, शेक, गरम पाण्याची पिशवी हे सगळं त्या हातावर पूर्ण बंद. इथं मी मवाळ बोलणार नाही.

उरलेल्या सल्ल्यांचं काय? त्या हातावर बीपी, सुई, रक्त काढणं, विमानप्रवास याची खूप भीती घातलेली असते. 2016 मधे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या 632 पेशंटांवरचा अभ्यास आला, त्यात या गोष्टींचा आणि हात सुजण्याचा संबंध दिसला नाही. दिसला तो वाढलेल्या वजनाचा, काखेतल्या गाठी मोठ्या प्रमाणात काढण्याचा, तिथल्या रेडिएशनचा आणि सेल्युलायटिसचा. तरी दुसरा हात मोकळा असेल तर तोच द्यायचा, सिस्टरला "ई कैगे ब्याड्री, आ कैगे हाक्री" (या हाताला नको, त्या हाताला लावा) म्हणायचं, ती ऐकते. पण दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा इमर्जन्सी असेल तर एक सुई टोचली म्हणून रात्रभर रडत बसायचं नाही. सूज आधीपासून असेल तर लांबच्या प्रवासात, विमान काय आणि बेंगळुरूची रात्रीची बस काय, स्लीव्ह घालून बसा आणि मधे मधे मूठ चालू ठेवा.

दाखवायचं कुठं हा प्रश्न राहतोच. आपल्याकडचे पेशंट बेळगावात, हुबळीला, मिरजेला, कोल्हापूरला वाटले गेलेत, जिथं ऑपरेशन झालं तिथं विचारायचं ते "फिजिओ आहे काय" असं नाही, "लिम्फेडेमाचं बँडेजिंग शिकलेला फिजिओ आहे काय" असं, कारण सगळे फिजिओ ते शिकलेले नसतात. खाली केरळात कासरगोडला इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी म्हणून कातडीच्या आजारांची संस्था आहे, हत्तीरोगाच्या पायांवर त्यांनी बरंच काम केलंय आणि पेशंटनं घरी स्वतः करायच्या गोष्टींवर त्यांचा भर असतो.

आणि ऑपरेशन? आहे. सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फची नळी शिरेला जोडतात, किंवा दुसरीकडच्या गाठी आणून बसवतात, किंवा खूप जुन्या घट्ट झालेल्या हातातली चरबी काढतात. लवकरच्या टप्प्यात नळी जोडण्याचा काहींना चांगला फायदा होतो. पण सगळ्यांना चालत नाही, आणि चरबी काढली तर स्लीव्ह पुढं कायम घालावीच लागते. म्हणून कुणी "एकदाच ऑपरेशन करा, बाही कायमची सुटेल" असं सांगितलं तर पैसे भरायच्या आधी तुमच्या टप्प्यावर काय होईल, नंतर किती महिने स्लीव्ह घालावी लागेल आणि त्यांनी याआधी असे किती हात केलेत, हे विचारून घ्या.